दोन कुलपांची पेटी

१६१७ सालच्या ऑगस्टमधील एक रविवार. फ्रान्समध्ये लिआँ शहराच्या पलीकडे शातियों नावाचे एक छोटे गाव आहे. तिथे नुकतेच एक नवे धर्मगुरू आले होते, वय छत्तीस, नाव व्हिन्सेंट द पॉल. प्रार्थनेची तयारी चालू असताना कोणीतरी येऊन सांगितले की गावाबाहेरच्या एका घरात झाडून सगळे आजारी पडले आहेत आणि एकमेकांकडे बघायलाही कोणी उरलेले नाही. धर्मगुरूंनी प्रवचनात ही हकीकत सांगितली. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले, तर रस्त्यावर बायकांची रीघ लागलेली. कोणाच्या हातात पाव, कोणाकडे मांस, कोणाकडे सूप. ऊन इतके की परतणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेला बसून घाम पुसत होत्या.

आपल्याकडचा एखादा कीर्तनकार किंवा पुढारी असता तर हे दृश्य पाहून गहिवरला असता आणि पुढची पंधरा वर्षे ही गोष्ट सांगत राहिला असता. व्हिन्सेंटही गहिवरले असतील, पण त्यांच्या डोक्यात आलेला विचार वेगळा होता. या लोकांकडे आज इतके अन्न आले आहे की निम्मे नासून जाईल, आणि परवा ही माणसे पुन्हा उपाशी राहतील. गावात दया भरपूर आहे, तिला शिस्त मात्र नाही.

मी आयुष्याची तीसहून अधिक वर्षे बँकेत काढली. त्यामुळे असेल, पण संतचरित्रांतला हा प्रसंग मला सगळ्यांत जवळचा वाटतो. बँकेत दर मार्चअखेरीस आम्ही हेच पाहत असू. पैसा नसतो असे नाही, तो ज्या तारखेला हवा त्या तारखेला नसतो. पूर आला, भूकंप झाला की ट्रकच्या ट्रक जुने कपडे जातात आणि चौथ्या महिन्यात, जेव्हा खरी अडचण सुरू होते, तेव्हा विचारायला कोणी नसते.

तीन दिवसांनी, २३ ऑगस्टला, व्हिन्सेंटनी गावातल्या बायकांना एकत्र बसवले. पाळ्या ठरल्या. आज ही बाई स्वयंपाक करून नेईल, उद्या दुसरी. पुढे या मंडळाची रीतसर नियमावली तयार झाली आणि नोव्हेंबरात तिला लिआँच्या धर्मपीठाची मंजुरी मिळाली. ही नियमावली कोणाही कारभारी माणसाने वाचावी अशी आहे. रुग्णाला काय वाढायचे, किती वाढायचे, आधी ताटाखाली कपडा अंथरायचा, हसतमुखाने बोलायचे, हे सगळे तीत आहे. मंडळाचा पैसा पेटीत ठेवायचा. पेटीला दोन वेगवेगळी कुलपे. एक किल्ली प्रमुख बाईकडे, दुसरी तिच्या साहाय्यक खजिनदार बाईकडे. आमच्या स्ट्राँगरूमचा हाच नियम होता. मॅनेजरची किल्ली आणि हेड कॅशियरची किल्ली, दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नसे. त्यात कोणावर अविश्वास नव्हता. उलट, दोघांनाही रात्री झोप लागावी म्हणून ती सोय होती.

मिळकतीच्या मोठ्या व्यवहारासाठी मात्र एखादा पुरुष कारभारी निवडावा, कारण बायकांनी एकट्याने ते पाहणे बरे नव्हे, असेही त्या पहिल्या नियमावलीत होते. काळ सतराव्या शतकाचा होता. पण पुढे स्त्री-पुरुषांची एकत्र मंडळे चालवून पाहिल्यावर व्हिन्सेंटनीच एका पत्रात कबूल केले की पैशाच्या बाबतीत बायकांबद्दल तक्रारीला जागा नाही, त्या काळजीने आणि सचोटीने कारभार करतात. महिला बचत गटांची परतफेड पाहिलेल्या कोणत्याही बँक अधिकाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

पाळीने जेवण देण्याची चाल आपल्यालाही अपरिचित नाही. वार लावून जेवणारी मुले आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत घरोघरी होती. सोमवार देशपांड्यांकडे, मंगळवार जोशांकडे. अनेकांची शिक्षणे त्यावर झाली आणि अनेकांच्या मनात त्या पंक्तीतले शब्द कायमचे रुतूनही बसले. फरक हा की आपल्याकडे मुलगा दाराशी जात असे. शातियोंच्या नियमात वाढणारी बाई घरी जाते. आणि त्यात आणखी एक बारीक सूचना आहे. ज्या रुग्णाजवळ घरचे कोणी आहे त्याच्यापासून सुरुवात करावी आणि जो अगदी एकटा आहे त्याच्याकडे सर्वांत शेवटी जावे, म्हणजे त्याच्यापाशी जास्त वेळ बसता येते. चारशे वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्या माणसाने आजाऱ्याच्या उशाशी बराच काळ काढला असला पाहिजे.

या बायका संन्यासिनी नव्हत्या. घरसंसार सांभाळून हे काम करणाऱ्या होत्या. वसईच्या मराठी ख्रिस्ती मंडळींच्या भाषेत यांना ‘प्रापंचिक’ म्हणतात, म्हणजे जे फादर नाहीत, सिस्टर नाहीत, ज्यांना नोकरी आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, घराचा हप्ता आहे ते सगळे. चर्चच्या समाजसेवेबद्दल आपण बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर झगा आणि निळ्या काठाची साडी येते. प्रापंचिकांनी जगभर उभे केलेले जाळे आपल्या नजरेत भरत नाही, कारण त्यांचा गणवेश नसतो. शातियोंच्या त्या मंडळाची परंपरा सांगणारी स्त्रियांची आंतरराष्ट्रीय संघटना आजही अनेक देशांत काम करते. पण या जाळ्याचा सर्वांत मोठा पसारा उभा राहिला तो दोन शतकांनंतर, पॅरिसमध्ये, काही कॉलेजकुमारांच्या हातून.

फ्रेदेरिक ओझानाम हा डॉक्टरचा मुलगा. जन्म १८१३चा, इटलीतल्या मिलानचा. वाढला लिआँमध्ये. १८३१ साली कायदा शिकायला पॅरिसला आला आणि काही काळ राहिला आँद्रे-मारी आंपेर यांच्या घरी. विजेचा प्रवाह आपण ज्यांच्या नावाने मोजतो तेच हे शास्त्रज्ञ. १८३२ साली पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ आली आणि एका शहरात अठरा हजारांवर माणसे गेली. त्या दिवसांत विद्यार्थ्यांचे एक वादविवाद मंडळ चालत असे. ओझानाम तिथे ख्रिस्ती धर्माने जगाचे कसे भले केले हे हिरिरीने मांडत असे. एकदा समोरच्या बाकावरच्या समाजवादी विचाराच्या विद्यार्थ्याने त्याला अडवले. पूर्वी केले असेल, ते मान्य. आज तुम्ही मंडळी गरिबांसाठी काय करता ते सांगा, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता.

वादात असा प्रश्न आला की आपण सहसा आवाज चढवतो. या मुलांनी तसे केले नाही. २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी एमान्युएल बायी या वृत्तपत्र चालवणाऱ्या वडीलधाऱ्या गृहस्थाच्या कार्यालयात जमले. वादविवाद मंडळाला ‘कॉन्फरन्स’ म्हणत, तेच नाव नव्या मंडळालाही राहिले. संत व्हिन्सेंट द पॉल यांना त्यांनी आपला आदर्श मानले. गरिबांच्या घरी जायचे हे ठरले, पण कोणाच्या घरी? या मुलांना गरीब माणूस ठाऊकच नव्हता. मग त्यांचा खजिनदार सिस्टर रोझाली रांद्यू यांच्याकडे गेला. मुफतारच्या दरिद्री वस्तीत वर्षानुवर्षे काम केलेल्या या बाईंनी त्यांना कुटुंबांची यादी दिली, कसे बोलायचे ते सांगितले आणि पावाची कुपनेही उसनी दिली. म्हणजे आज जगभर पसरलेल्या संस्थेचा पहिला व्यवहार उधारीचा. आमच्या कर्ज विभागाने त्यांना दारातूनच परत पाठवले असते, कारण तारण काहीच नव्हते.

वर्ष-दीड वर्षात सभासद शंभरावर गेले आणि भांडण लागले. एकत्र राहायचे की वस्तीनिहाय शाखा करायच्या? १८३४च्या अखेरच्या सभा चांगल्याच तापल्या होत्या. शेवटी शाखा झाल्या, आणि तो निर्णय योग्य ठरला. १८४४ साली लंडन आणि डब्लिन, १८४५ साली अमेरिकेतले सेंट लुइस, १८५४ साली मेलबर्न. भारतातही एकोणिसाव्या शतकातच हे काम आले. आज सुमारे दीडशे देशांत या सोसायटीचे आठ लाखांच्या आसपास सभासद आहेत. सर्वांत मोठी संख्या ब्राझीलमध्ये आहे. मुख्यालय पॅरिसला आहे, पण तिथला अध्यक्ष आता फ्रेंच असतोच असे नाही. २०१० ते २०१६ या काळात सिंगापूरचे मायकल थिओ अध्यक्ष होते, त्यांच्यानंतर ब्राझीलचे रेनातो लिमा दे ऑलिव्हेरा. दोघेही प्रापंचिक.

संख्येपेक्षा मला कुतूहल आहे ते कार्यपद्धतीचे. एकेका चर्चला धरून दहा-पंधरा जणांची एक कॉन्फरन्स असते. नियमित बैठक होते. कुटुंबाकडे जायचे ते दोघांनी मिळून. घरी काय पाहिले ते बाहेर बोलायचे नाही. बैठकीच्या शेवटी एक पिशवी फिरवतात. प्रत्येकाने मूठ आत घालायची. कोणी शंभर टाकले, कोणी पाच टाकले, कोणी रिकामी मूठ घातली, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. या हाताचे त्या हाताला कळू नये असे आपण म्हणतो आणि मग देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेतो! असो.

दुसरा नियम तर बँकवाल्याची झोप उडवणारा आहे. पैसा साठवायचा नाही. आलेला पैसा गरिबांचा आहे, तो शक्य तितक्या लवकर त्यांच्याकडे गेला पाहिजे. १९८०च्या दशकात मी वसईच्या एका शाखेत होतो. तिथे अशाच एका कॉन्फरन्सचे बचत खाते होते. खजिनदार रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, बगलेत छत्री आणि हातात कापडी पिशवी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे भरत आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत खाते जवळजवळ रिकामे करत. औषधे, शाळेची फी, छपरावरची कौले. ठेवी वाढवण्याची मोहीम चालू होती, तेव्हा मी त्यांना म्हटले, “अंकल, थोडी रक्कम मुदत ठेवीत टाका ना, व्याज मिळेल.” ते हसून म्हणाले, “साहेब, आमच्याकडे पैसा पडून राहिला तर मीटिंगमध्ये मलाच विचारतात, गावातले गरीब संपले काय?” त्या मार्चमध्ये त्यांच्याकडून काही ठेव आली नाही.

हे झाले एका गावाचे. देशोदेशीच्या शाखा एकमेकींना कशा उपयोगी पडतात? त्याचे पहिले मोठे उदाहरण आयर्लंडचे. बटाट्याचे पीक कुजले आणि दुष्काळ पडला तेव्हा डब्लिनची शाखा जेमतेम दोन-तीन वर्षांची होती. १८४७ साली पॅरिसहून अध्यक्ष ज्यूल गोसँ यांनी सर्व शाखांना आवाहन केले. फ्रान्समधल्या आणि बाहेरच्या छोट्या छोट्या मंडळांनी, ज्यांनी आयर्लंड नकाशावरही धड पाहिले नव्हते, पैसे पाठवले. ते वाटायला डब्लिनमध्ये आधीच घरोघर जाणारी माणसे होती. कोणत्या गल्लीत कोण उपाशी आहे हे त्यांना ठाऊक होते. पैसा बाहेरून आला, ओळख मात्र गावातली होती.

विसाव्या शतकात यातूनच जोडशाखांची पद्धत रुळली. एका संपन्न देशातली कॉन्फरन्स दुसऱ्या देशातल्या एका कॉन्फरन्सशी जोडून घेते. दोघींमध्ये पत्रे जातात, थोडी रक्कम ठरावीक काळाने येते. आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, अमेरिका इथल्या कितीतरी शाखांच्या अशा बहिणी भारतात आहेत. ऑस्ट्रेलियात जाऊन आलेल्या वाचकांनी ‘व्हिनीज’ नावाची जुन्या कपड्यांची, भांड्यांची दुकाने पाहिली असतील. आपल्याकडचे बरेच विद्यार्थी तिथे गेल्यावर पहिला कोट आणि पहिली कढई तिथूनच घेतात. ती याच सोसायटीची.

परदेशी पैसा म्हटला की सरकार कान टवकारते, आणि ते स्वाभाविक आहे. फ्रान्समध्येही तेच झाले. १८६१ साली नेपोलियन तिसरा याच्या राजवटीत गृहमंत्री पेर्सिन्यी यांना ही देशभर पसरलेली, कोणाच्या हुकमात नसलेली मंडळे खटकू लागली. मध्यवर्ती मंडळ हवे असेल तर त्याचा अध्यक्ष सम्राट नेमेल, अशी अट आली. बहुसंख्य शाखांनी नकार दिला. मध्यवर्ती मंडळ बंद पडले, पण गल्लीतल्या भेटी चालू राहिल्या. त्यांना वरून आदेश लागतच नव्हता.

आपल्याकडे परकीय योगदानाच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. असा निधी आता दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच प्रथम जमा व्हावा लागतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. आणि एका संस्थेने घेतलेला निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करायला पूर्ण बंदी आली. पहिल्या दोन गोष्टींशी माझे फारसे भांडण नाही. हिशोब एका जागी दिसावा, वातानुकूलित कचेऱ्यांवर खर्च होऊ नये, हे कोणीही म्हणेल. तिसरी अट मात्र माझ्या मते चुकीच्या माणसाला लागते. बड्या संस्थेकडे सनदी लेखापाल असतो, वकील असतो, स्वतःची नोंदणी असते. दहा माणसांच्या गावमंडळाकडे एक वही आणि एक निवृत्त खजिनदार असतो. एका नोंदणीकृत संस्थेने घ्यायचे आणि खालच्या लहान मंडळांना पोचवायचे हा त्यांचा मार्ग होता, तो बंद झाला. गैरव्यवहार शोधायला बँकेत उत्तम साधने आहेत हे मी अनुभवाने सांगतो. देवाणघेवाणच बंद करणे हे लेखापरीक्षण नव्हे.

यामागे एक शंका असते, ती उघड बोललेली बरी. पावाच्या बदल्यात धर्म मागितला जातो का? आपल्या देशाच्या इतिहासात दुष्काळात पंगतीला बसलेल्यांचे धर्म बदलल्याची उदाहरणे नाहीत असे नाही, आणि प्रत्येक संस्थेची बाजू घेण्याचे मला कारणही नाही. या सोसायटीच्या नियमावलीत मात्र मदत देताना धर्म, वंश, राजकीय मत पाहायचे नाही असे स्पष्ट आहे. नियम पाळला जातो की नाही हे घरोघर पाहूनच ठरवावे लागेल, जसे ते कोणत्याही मठाच्या, ट्रस्टच्या बाबतीत ठरवावे लागते.

मला जास्त गंभीर वाटतो तो दुसरा आक्षेप. असली मदत म्हणजे जखमेवर फुंकर. गरिबी व्यवस्थेतून येते. तुम्ही किराणा पोचवलात तर व्यवस्था निश्चिंत झोपते. तारुण्यात आम्ही युनियनमध्ये हेच बोलत असू. गंमत म्हणजे खुद्द ओझानामला हे मान्य होते. १८३९-४० मध्ये तो लिआँला व्यापारी कायदा शिकवत होता. मजुरीत मजुराचे पोट, मुलांचे शिक्षण आणि म्हातारपणाची तरतूद एवढे निघालेच पाहिजे, असे त्याने विद्यार्थ्यांना सांगितले. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माझ्यासारख्याने हे साल पुन्हा एकदा वाचावे! १८४८च्या क्रांतीत त्याने मित्रांसह वृत्तपत्र काढले आणि कामगारांची बाजू मांडली. त्या जूनमध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर गोळीबार चालू असताना त्याने आणि त्याच्या मित्रांनी आर्चबिशप आफ्र यांना मध्यस्थीची गळ घातली. आर्चबिशप बॅरिकेडपाशी गेले आणि तिथे त्यांना गोळी लागली, त्यातच त्यांचा अंत झाला. दया जखम बांधते, पण जखम होऊ न देणे हे न्यायाचे काम आहे, अशा अर्थाचे ओझानाम लिहीत राहिला. १८५३ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो गेला. तोवर सोर्बोन विद्यापीठात परदेशी साहित्याचा प्राध्यापक आणि दांतेचा अभ्यासक म्हणून त्याचे नाव झाले होते. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी पॅरिसच्या नोत्र दाममध्ये त्याला ‘धन्य’ घोषित केले.

या मंडळींनी न्यायाचे काम कितपत केले? माझे मत आहे की कमीच केले. भेट घेणे सोपे, मजुरीचा कायदा बदलून घेणे अवघड, आणि माणसे सोप्याकडे वळतात. अलीकडे मात्र काही बदल दिसतो. लंडनमध्ये १९८९ साली रस्त्यावर झोपणाऱ्या तरुणांसाठी कार्डिनल बेझिल ह्यूम, सिस्टर्स आणि ही सोसायटी यांनी मिळून ‘दपॉल’ ही संस्था काढली. २०१७ पासून व्हिन्सेंटच्या परंपरेतल्या दीडशेहून अधिक संघटना बेघरांच्या प्रश्नावर एकत्र आल्या आहेत. व्हिन्सेंटनी १६४३ नंतर राजाकडून मिळालेल्या पैशातून टाकून दिलेल्या मुलांसाठी पॅरिसमध्ये तेरा घरे बांधली होती, त्यांची आठवण म्हणून ‘तेरा घरे’ नावाने दहा हजार माणसांना निवारा देण्याची मोहीम त्यांनी आखली. एकेकाळी घरी भेटायला जायचे म्हणणाऱ्यांना आता कळले आहे की ज्याला घरच नाही त्याला भेटायला कुठे जाणार?

आपल्याकडे दानाची पद्धत या दहा वर्षांत पार बदलली. मोबाइलवर चौकोन दाखवला की पैसे जातात आणि आभाराचा संदेशही येतो. सोय उत्तम आहे, मी स्वतः ती वापरतो. पण आमच्या सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एकट्या आजींना डायलिसिसला कोण नेते, हे त्या चौकोनात येत नाही. कॉन्फरन्सच्या सभासदांचीही अडचण हीच आहे. मुंबईतल्या ज्या मंडळींशी मी बोललो, ती बहुतेक साठीच्या पुढची. तरुण मुले एकदाच्या शिबिराला येतात, दर आठवड्याला दोन जिने चढायला येत नाहीत. मुले आखाती देशांत आहेत, कॅनडात आहेत, तिथून पैसे पाठवतात.

गेल्या पावसाळ्यात अशा एका बैठकीत मला पाहुणा म्हणून बसू दिले. चर्चच्या मागची खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, नऊ माणसे. प्रार्थना झाली, मागचा वृत्तान्त वाचला, जमाखर्च वाचला. एका मुलाला दहावीत बरे गुण मिळाल्याचे सांगितले गेले, एका घरातल्या बाईंनी आता मदत नको म्हणून कळवल्याचेही. पिशवी फिरली, माझ्याही हातात आली. मग चिटणीस बाईंनी नवा अर्ज वाचला. रेल्वे लाइनलगतची वस्ती, नवरा अंथरुणाला खिळलेला, कुटुंब उत्तर प्रदेशातले, मुसलमान. “कोण जाणार?” दोघांनी हात वर केले. बाईंनी वहीत दोन नावे लिहिली आणि पुढे वार घातला, गुरुवार.